घाटावरच्या लॉरीचा हिसका

मंडळी, आज सकाळी गास गावच्या चिखलात माझी केळ्यांनी भरलेली लॉरी रुतली. लढाईनंतर विकलेली लष्करी लॉरी घेऊन घाटावरचा एकजण मीठ न्यायला आला होता. त्याने दोर बांधून एका हिसक्यात मला बाहेर काढलं.

ज्यांची केळी मी नेत होतो ते वाडीचे मालक बाबूकाका त्याच्या लॉरीच्या बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "लॉरी असावी तर अशी." माझ्या लॉरीबद्दल कधी असं बोलले नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमची किती ओढते?" घाटवाल्याने विचारलं.

"आमच्याकडे ते कोण विचारतंय? केळ्याच्या फण्या किती मोडल्या, तेवढंच विचारतात," मी म्हटलं.

मग मी मागे पाहिलं. त्याच्या हिसक्याने वीसेक फण्या मोडल्या होत्या.

नुकसान काकांचं, नाव माझं खराब, तरी मला फार बरं वाटलं. तुम्हाला वाटलं नसतं?