हापिसाच्या पूजेला कोण बसणार

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीने माणसं कमी केली त्यात मी गेले, तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. नवरा फौजेत, कायम लांबच्या पोस्टिंगवर. मुलीला घेऊन रहिमतपूरला सासरी आले. सासरे कर सल्लागार, बाजारपेठेत त्यांचं ऑफिस. त्यांना मी मामा म्हणते. तेच म्हणाले, "कंप्युटरचं काय घिऊन बसलीस? हिशेब शिक. म्होरं हापिस तुलाच बघायचं हाय." ते बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

शिकले. जमा आणि नावे इथपासून सुरुवात केली. क्लासमधली पोरं मला मावशी म्हणायची. भाकऱ्या थापता थापता कलमं पाठ केली, जीएसटीची परीक्षा दिली, पास झाले. हळूहळू निम्मे व्यापारी माझ्याशीच बोलायला लागले. पण पेठेत माझी ओळख 'कंप्युटरवाल्या वैनी' हीच राहिली. प्रिंटर अडला की मी, शेजारच्या मेडिकलचं वायफाय बंद पडलं की मी. ज्या धंद्याने मला हाकललं त्याचंच शेपूट माझ्यामागे लागलं होतं, आणि मी हसून घ्यायचे. अजून त्या हसण्याचा मला राग येतो.

यंदा मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दसऱ्याला ते म्हणाले, "ह्या लक्ष्मीपूजनाला हापिसाची पूजा नव्या माणसाच्या हातनं करू. जो पूजेला बसंल त्यानंच खुर्ची सांभाळायची." मी साताऱ्याला जाऊन काठाची साडी घेतली. मूर्खासारखी.

पूजेच्या संध्याकाळी धाकटा दीर बायकोला घेऊन महाबळेश्वरहून आला. तिथल्या एका हॉटेलात तो मॅनेजर होता. ऐन दिवाळीच्या गर्दीत रजा कशी मिळाली, असं मी विचारलं, तर जाऊ म्हणाली की नोकरीच सोडलीय. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. दोघं पाटावर बसली. मी लाह्या-बत्ताशांचं ताट धरून उभी.

"मामा, नवं माणूस म्हणजे भावजी होय?" मी विचारलं.

"आगं, तुझा नवरा हितं न्हाई. एकली बाई पूजेला कशी बसंल?" ते म्हणाले. "आन् घरचं पोरगं हाय की."

मी कोण होते मग, बाहेरची? मी ताट पाटासमोर ठेवलं.

वहीवर स्वस्तिक काढून झालं. लॅपटॉप उघडाच ठेवला होता. दिराने फूल बुडवून त्याच्यावर असं पाणी उडवलं की स्क्रीन काळा झाला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी लॅपटॉप उलटा करून निथळला, त्या नव्या साडीच्या पदराने पुसला. तासाभराने तो सुरू झाला. "हे कंप्युटरचं हिलाच कळतं," मामा कौतुकाने म्हणाले.

पाडव्याला दीर खुर्चीत बसला, मामा बाजूला. मी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाशी. पेढे घेऊन पहिला आला तो गुळाचा व्यापारी. त्याने दिराच्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "सायब, आमच्या नोटिशीचं उत्तर गेलं का?"

दिराने माझ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्याला ज्याने माल विकला त्यानेच जीएसटीचं रिटर्न भरलं नव्हतं, म्हणून नोटीस व्यापाऱ्याला आली होती, एवढीच त्यातली भानगड. उत्तर मीच लिहून आधीच्या आठवड्यात पाठवलं होतं. पण मी पेन्सिलीला टोक करत राहिले.

"सांग की गं," मामा म्हणाले.

"भावजींना विचारा. पूजेला तेच बसले होते."

मामा ओरडले असते तर मीही तोंड सोडलं असतं. मनात सगळं तयार होतं. पण ते चिडले नाहीत. खरंच कळत नसल्यासारखे माझ्याकडे बघत म्हणाले, "मग तू हितं कशाला बसलीयास?"

इतकी वर्षं मी 'म्होरं हापिस तुलाच' या ज्या शब्दांवर जगत होते ते त्यांनी कधी मनातही आणले नव्हते. मी डबा आणि चष्मा पिशवीत घातला. गुळाच्या व्यापाऱ्याने गुडघे आवरून मला वाट दिली.

"तुमचं उत्तर गेलंय," मी त्याला सांगितलं आणि चपला घातल्या.