सुजाताताई आणि एक जगज्जेता

एडिसन गावातल्या माझ्या घरी ऑफिसातून आले, तेव्हा आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. फिनिक्सजवळच्या चँडलरहून प्रकाशभाऊंचा, म्हणजे सुजाताताईच्या नवऱ्याचा आवाज... "सुजाता सकाळी गेली. जमेल तेव्हा फोन कर." ती आजारी आहे हे ठाऊक होतं. तरी आदल्या रविवारीच आम्ही तासभर वाद घातला होता, आणि वाद घालणारं माणूस इतक्यात जाईल असं वाटत नाही.

वाद जुनाच. चँडलरला आम्ही शेजारी राहायचो. ती नागपूरची, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, तेव्हा दिवसभर घरीच. माझ्या शेल्फवर एका माजी जगज्जेत्याच्या डावांचं पुस्तक तिला दिसलं आणि सुरुवात झाली. मी त्याची भक्त. शाळेत असताना पेपरातले त्याचे फोटो कापून ठेवायचे. माझं म्हणणं, नुसता जिंकला म्हणून तो मोठा नाही. ज्यांना घोडा कसा चालतो हे माहीत नाही, त्यांच्याही घरात त्याच्यामुळे बुद्धिबळ पोचलं. सुजाताताई शांतपणे ऐकून घ्यायची, मग विचारायची, तुमच्या घरात पोचलं म्हणजे नेमकं काय झालं? पटावर कोण बसलं? मी म्हणायचे, दोघे भाऊ. आणि तू? मी... मी फोटो कापत होते. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. ती स्वतः विहाराशेजारच्या वाचनालयात थोरल्या भावामागे उभी राहून खेळ शिकली होती. तिथे या जगज्जेत्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. मग आमच्याकडे खेळ कोणी आणला, हा तिचा पुढचा प्रश्न.

एका हिवाळ्यात तो जगज्जेताच फिनिक्सला आला. एका हॉलमध्ये तो एकाच वेळी बऱ्याच जणांशी खेळणार होता. मी आग्रह करून सुजाताताईचं नाव नोंदवलं. टेबलं चौकोनात मांडलेली, आत तो फिरतोय, बाहेरच्या बाजूला खेळाडू. बहुतेक पुरुष, काही शाळकरी मुलं, आणि स्वेटरवर ओढणी घेतलेली ही. इतरांच्या पटापाशी तो जेमतेम थांबायचा, एक खेळी करून पुढे सरकायचा. हिने मध्येच घोडा मुद्दाम देऊन टाकला तेव्हा मात्र तो टेबलावर हात टेकून थांबला. पुढच्या फेरीत पुन्हा थांबला. मागे उभ्या लोकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी ती हरलीच. तिने राजा आडवा केला, त्याने हात मिळवला आणि पुढच्या पटाकडे गेला. या सगळ्यात त्याने एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.

परतताना ड्राइव्ह मी करत होते आणि मला राग आला होता. एवढा वेळ थांबला, निदान समोर कोण आहे ते तरी पाहायचं. असला कसला मोठा माणूस? सुजाताताई खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "मला तर फार बरं वाटलं गं."

मी गाडीचा वेग थोडा कमी केला.

"आजवर लोकांनी आधी मला पाहिलं, मग माझं काम. तिकडे आडनाव विचारतात, इकडे कुठून आलात विचारतात. याने फक्त पट पाहिला. माझा घोडा बघून अडला तो."

"म्हणजे मोठा आहे ना?"

"ते ठाऊक नाही. त्याला जगाशी घेणंदेणं नसेल म्हणूनही पाहत नसेल. पण कुणी कोण-कुठली विचारत नाही, तेवढा वेळ कसा असतो, ते मला कळलं."

त्यानंतरही आमचं एकमत झालं नाही. मी एडिसनला आले, वाद फोनवर चालू राहिला. मात्र मधल्या काळात तिने चँडलरच्या लायब्ररीत शनिवारचा बुद्धिबळाचा खेळ सुरू केला होता, हे मला ओझरतंच माहीत होतं. ती गेल्यानंतरच्या जलदानविधीला मला जाता आलं नाही. गेल्या महिन्यात चँडलरला गेले. प्रकाशभाऊंकडे बसवत नव्हतं. तेव्हा त्यांची मुलगी रमा म्हणाली, "मावशी, कम, आज सॅटर्डे आहे."

लायब्ररीच्या मागच्या खोलीत पट मांडलेले. बायका बऱ्याच, काही पोरं, दोनतीन म्हातारे. एका पटासमोर पांढऱ्या केसांच्या, पुरुषी शर्ट घातलेल्या बाई बसल्या होत्या. मी समोरची खुर्ची ओढली आणि सवयीने माझं नाव सांगू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रमा हळूच म्हणाली, "नॉट येट, मावशी. आईचा रूल आहे. नाव गेम झाल्यावर."

आम्ही खेळलो, मी डावांच्या पुस्तकातून शिकले होते तेवढ्यावर. त्या कोण, कुठल्या, काय करतात, काहीच कळत नव्हतं. उंट मात्र फार जपून चालवत होत्या, आणि हत्ती बेफिकीरपणे. मी त्यांच्याबद्दल अंदाज बांधायचं केव्हा सोडलं, तेही लक्षात आलं नाही... डाव त्यांनी जिंकला. मग त्या खुर्चीत मागे रेलल्या, पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि नाव विचारलं.