पाव फेरी कमी

चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारे मामा आयुष्यात एकदाही बर्फावर उभे राहिले नव्हते. दुकानासमोर एकदा पाय घसरून पडले होते, पण ते धरायचं नाही. तरीही फिगर स्केटिंगमध्ये कोणाचं काय चुकलं हे त्यांना जगातल्या तमाम पंचांपेक्षा जास्त कळायचं. चाहत्यांच्या ऑनलाइन गटात ते 'तिसरा डोळा' या नावाने लिहीत, आणि तिथे त्यांचा चांगलाच दरारा होता.

गटाची एक राणी होती आणि एक मशीन. राणी ही लाडकी खेळाडू. मशीन म्हणजे राणीला तीनदा हरवण्याचा गुन्हा केलेली मुलगी. राणी पडली की बर्फ खराब असे, मशीन पडली की तिचा पायाच कच्चा. राणीने प्रशिक्षक बदलला तेव्हा 'केवढं हे धाडस' म्हणून मामांचे डोळे पाणावले. पुढच्याच महिन्यात मशीनने बदलला, तर 'कृतघ्न कार्टी' या विषयावर लिहिता लिहिता त्यांचं जेवण गार झालं.

"हरली म्हणून रडतेय बिचारी. त्यात नाटक कसलं?" मामांनी मशीनच्या अश्रूंना नाटक म्हटलं तेव्हा मामी एकदा म्हणाल्या.

"तुला त्यातलं कळत नाही."

मामींना कळत नव्हतं हे खरंच. त्यांना दोघी सारख्याच रडताना दिसायच्या.

मामांचं हत्यार होतं दुकानातला पारदर्शक कोनमापक. काच फ्रेममध्ये कुठल्या अंशावर बसवायची ते त्याने ठरतं. खेळाडू हवेत फिरून उतरते तेव्हा पाव फेरीहून जास्त कमी पडली की गुण कापले जातात. मामा व्हिडिओ थांबवत, स्क्रीनवर कोनमापक ठेवत आणि बुटाखालच्या पात्याची दिशा मोजत. मशीनची एकूण एक उडी मोजून झाली होती. राणीची एकही नाही. खात्री असलेलं काय मोजायचं?

त्यांच्या बहिणीची चौदा वर्षांची मुलगी रिंकवर शिकत होती. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार, म्हणजे ही एकच संधी. कोच म्हणत होते, दोन फेऱ्यांची उडी अपुरी पडतेय. ती दोन महिने मामांना व्हिडिओ पाठवून विचारत होती. दर वेळी उत्तर एकच: "सोन्यासारखी आहे! तुझ्या कोचना डोळे तपासायला पाठव माझ्याकडे."

एका दुपारी तिने दोन व्हिडिओ पाठवले. रिंकच्या पार पलीकडून काढलेले, चेहरे न दिसणारे. एकात लाल जॅकेट, ते भाचीचं. दुसऱ्यात हिरवं, ते तिच्या मैत्रिणीचं. मैत्रीणही त्याच चाचणीला बसणार होती. खाली लिहिलं होतं, 'मामा, दोन्ही उड्या बघ.'

मामांनी गिऱ्हाइकाची काच बाजूला ठेवली. लाल जॅकेटवाली उडी नुसती पाहिली आणि मान डोलावली. हिरव्यासाठी कोनमापक काढला, तीनदा मोजलं, आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "लाल म्हणजे आपल्या घराण्याची उडी! हिरवी एकशे दहा अंश कमी. पाव फेरी म्हणजे नव्वद, कळलं? डावा खांदा आधीच उघडतो, हात छातीशी यायला उशीर, उंची मिळायच्या आतच फिरायची घाई. ही उडी नाही, फसवणूक आहे!"

संध्याकाळी भाची दुकानात आली. अंगात हिरवं जॅकेट.

"हे काय, तिचं घातलंस?"

"काल सरावाला आम्ही अदलाबदल केली होती."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी झटकन फोन उचलला. "बघू... हां, कॅमेरा तिरका धरलाय ना! आणि बर्फसुद्धा जरा..."

"बर्फाला काही झालेलं नाही, मामा." नजर तपासायच्या स्टुलावर ती बसली. "दोन महिने विचारतेय. एकदाही मोजलं नाहीस. परक्या पोरींच्या चुका तुला बरोबर दिसतात, म्हणून परकी होऊन बघितलं." तिने जॅकेटची साखळी खाली ओढली. "तू सोन्यासारखी म्हणालास म्हणून मी दोन महिने तीच चुकीची उडी घोटत बसले. पंच काही माझे मामा नाहीत."

मामांना लाज वाटली. खरोखरीची लाज, जी 'तिसरा डोळा' दुसऱ्यांनाच बाळगायला सांगत आला होता.

भाचीने त्यांचाच आवाज पुन्हा लावला आणि वहीत उतरवून घेतलं: खांदा, हात, उंची. 'फसवणूक' आली तेव्हा मामा उगाचच एक स्वच्छ काच पुसत होते.

"घराण्याच्या उडीचं मैत्रिणीला सांगते," ती दारातून म्हणाली. "खूश होईल."

ती गेल्यावर मामांनी राणीची सुवर्णपदकाची उडी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर कोनमापक ठेवला. एकशे पंधरा. स्क्रीन पुसली, मग स्वतःचा चष्मा पुसला. एकशे पंधराच.

दुसऱ्या दिवशी भाचीचा नवा व्हिडिओ आला, लाल जॅकेटातला. मामांनी तीनदा मोजलं. जिवावर आलं, तरी लिहिलं: 'एकशे दोन. अजून कमी आहे, ठमे.'

लगेच उत्तर आलं, 'थँक्यू मामा.' दोन महिन्यांच्या सोन्याबद्दल तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं.