बांधावरच्या देवीची साक्ष

ठाण्याच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांना मुलं रडवण्याची हौस होती. छडी ते क्वचितच उचलत, त्यांचं जिभेवर भागत असे. एकदा त्यांनी फर्मान काढलं, आपापल्या गावच्या इतिहासावर निबंध लिहा. ऐकीव काही चालणार नाही, मूळ पुरावा पाहिजे. पहिल्या येणाऱ्याला फी माफ. माफी मिळाली तर माझी शाळा, नाहीतर बापाबरोबर मिठागर, असा माझा सरळ मामला होता.

कारकून-वकिलांच्या मुलांनी आजोबांच्या पेट्यांतून मोडीतल्या सनदा काढल्या. कोपरच्या खाडीकाठी आमच्या घरात कागदाचं चिठोरंही नव्हतं. होती ती बांधावरची देवी, शेंदराने माखलेली कमरेएवढी शिळा. लहानपणी मला देवी आल्या तेव्हा आईने मला तिच्याच पायाशी घातलं होतं. शेंदराच्या कडेने अक्षरं डोकावत. ती वाचता आली तर निबंध होईल, असं मी आईला म्हटलं.

आईने कौल लावला. उजवं फूल पडलं. मग तिने स्वतःच ऊन पाणी आणि तेल लावून, नखं मोडेपर्यंत खरवडून, ती शेंदराची खोळ सोडवली. आतून अक्षरांच्या ओळी निघाल्या, आणि खाली एक बाई नि एक गाढव. आई हरखली. शीतळादेवीचं वाहन गाढवच. आपण इतकी वर्षं बरोबर ठिकाणी हात जोडले, याचा तिला कोण आनंद! मी ओला कागद दाबून, वरून काजळी फिरवून ठसा घेतला.

मास्तरांनी तो वर्गापुढे धरला. "हे दानपत्र. कुणा राजाने जमीन दान दिली. हे दान जो मोडील, ही शिळा जो हलवील, त्याच्या आईला गाढव..." पुढचं त्यांनी चित्रावर बोट ठेवून समजावलं. "आणि याची आई याला हळदकुंकू वाहते!" वर्ग हसून लोळला. मास्तरांचा गळा धरावा असं मला वाटलं. पण माफीची शिफारस त्यांच्या हातात होती. ठसा त्यांनी ठेवून घेतला.

रविवारी ते पुरावा तपासायला म्हणून गावात आले. आईने पाट मांडला, शहाळं दिलं, पाया पडली. मी शिळा दाखवली. काही दिवसांनी बैलगाडी आली. सरकारी काम आहे असं सांगून माणसांनी शिळा उपटली आणि नेली. मुंबईच्या विद्वानांपुढे मास्तरांनी ती स्वतःचा शोध म्हणून ठेवली, हे मला फार पुढे कळलं.

निबंध तपासायला बाहेरचे परीक्षक होते. चोख माणूस. स्वतः जाऊन आमचा बांध पाहून आले. शिळा सरकारने नेली, असं मी सांगितलं. "सरकारने नेली तर कागद असेल. कुठे आहे?" मी मास्तरांकडे पाहिलं. ते शेजारच्या खुर्चीत अडकित्त्याने सुपारी कातरत होते. "मुलगा कल्पक आहे," एवढंच म्हणाले. गाडी कुणी धाडली होती ते मला तेव्हा उमगलं. माझ्या निबंधावर शेरा पडला, पुरावा बनावट.

घरी आलो तर आई खड्ड्याशी बसलेली.

"काय लिवलं व्हतं रं तिच्यावर?" तिने विचारलं.

मी रागाने फुटत होतो. सगळं सांगितलं, गाढवासकट. "भोगू दे मास्तरला," मी ओरडलो. "शिळा हलवणाऱ्याच्या आयला लागतं ते!"

आईने खड्ड्यातली माती सारखी केली.

"मास्तरला ती दाखवली कोनी?"

"मीच," मी म्हटलं.

"मंग मास्तरच्या आयला कशाला?" ती म्हणाली. "ती शिवी माझीच रं." आणि मोडक्या नखांचे हात पदराला पुसून ती चुलीकडे गेली.