राक्षसाला दिलेलं गाणं

निषेध करायचा तर आधी नीट पाहिलं पाहिजे, असं आमच्या मंडळाचं म्हणणं पडलं. म्हणून जबलपूरच्या आम्ही वीस-बावीस मराठी माणसांनी ती परदेशी मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, चहा आणि खव्याच्या जिलबीसह, अध्यक्षांच्या मदन महल भागातल्या घरी बसून पाहिली. आक्षेपार्ह प्रसंग मागे नेऊन दोनदा पाहिले. एक प्रसंग चार वेळा पाहिला, पण त्यात आक्षेपार्ह काय ते कुणी नोंदवलं नाही.

मालिका जादूच्या राज्यांची होती. तिच्यात आठ हातांची, सिंहावर बसणारी, कपाळावर मळवट भरलेली एक देवी मेलेल्या सैनिकांना उठवून पुन्हा लढायला पाठवत असे. तिचा पुजारी निरांजन उलटं ओवाळायचा. तेवढ्यावरून हलकल्लोळ झाला.

"हे काय दाखवून राहिले, बाप्पा!" अध्यक्ष म्हणाले. ते फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे टीव्हीलाही दम देतात. "उलटी आरती? काहून? कोणाला विचारलं यांनी?"

त्याच मालिकेत कोल्ह्याच्या तोंडाचा एक देव खानावळ चालवत होता, उडणारे भिक्षू लोकांची मुंडकी उडवत होते आणि एक जोगीण गर्भातली बाळं चोरत होती. या सगळ्यांवर आम्ही पोट धरून हसलो. मी विचारलं, हेही कुणाचे तरी देव असतील ना? अध्यक्ष म्हणाले, "त्यांचं ते पाहतील, ताई. तुम्ही आपलं निवेदन लिहा."

मंडळात मराठी शुद्ध लिहिणारी मीच, म्हणून सगळी निवेदनं माझ्याच गळ्यात पडतात. मी जीव ओतून लिहिलं. 'देवता म्हणजे कुणीही यावं आणि अंगावर चढवावा असा पोशाख नव्हे,' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. पुढे कंपनीचं गोडगोड उत्तर आलं. आपल्या संस्कृतीविषयी आम्हाला नितांत आदर आहे, ही आमच्याकडून मानवंदनाच होती, असं त्यात होतं. "मानवंदना म्हणे!" अध्यक्ष कडाडले. "घरात घुसायचं आणि वर नमस्कार करायचा!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी सगळ्यांत जोरात डोलली.

याच दिवसांत मी गणेशोत्सवासाठी मुलांचं नाटक बसवत होते. मी ते दरवर्षी लिहिते. त्यात एक राजपुत्र जंगलात वाट चुकतो, त्याला एक राक्षस अडवतो आणि शेवटी राक्षस मरतो. राजपुत्र बदलतो, राक्षस सहसा तोच असतो. या वर्षी तो बँकेत नुकत्याच बदलून आलेल्या एका उत्साही साहेबांना दिला होता. त्यांना काजळ फासलं, डोक्याला पिसं बांधली, गळ्यात कवड्या घातल्या. जंगलातला म्हटल्यावर असाच दिसणार, यात आम्हा कुणाला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

राक्षसाला यंदा गाणंही होतं. ते कुठून आलं हे सांगायचं तर माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं.

ती माझ्याच ऑफिसात आहे, गोंड आहे, शहपुऱ्याकडच्या गावची. वीस वर्षं आम्ही दुपारी एकत्र जेवतो आणि आपापल्या डब्यातलं कधीच खात नाही. तिची कुटकीची, त्या वरीसारख्या धान्याची, भाकर माझ्याकडे येते, माझं भरलं वांगं तिच्याकडे जातं. नवरा गेला तेव्हा मला महिनाभर कुणाशी बोलवेना, त्या महिन्यात तिनं माझ्यासमोर डबा सरकवून गप्प बसण्याचं काम एकही दिवस चुकवलं नाही. जबलपुरात माझं म्हणावं असं माणूस आता तीच आहे. तिला गमावण्याइतकी हिंमत माझ्यात नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं मला गावच्या पूजेला नेलं होतं. साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडाखाली तिचे वडील गोंडांच्या थोरल्या देवाला, बडादेवाला, जागवायचं गाणं म्हणाले. मी गोंडीतलं अक्षरही न समजता रडले. फोन काढून विचारलं, "रिकॉर्ड कर लूँ, बाबूजी?" ते हसून म्हणाले, "कर लो बेटी, घर में सुनना." मी ते घरी ऐकलं, खूप ऐकलं. मग नाटकात राक्षसाला चाल हवी होती तेव्हा शब्दांसकट तेच दिलं. माझ्याकडची सगळ्यांत सुंदर चाल ती होती. मी देऊन टाकली, तीही दुसऱ्याची, आणि स्वतःला मोठी उदार समजले.

इतकी समजले की तिला निमंत्रण दिलं. बाबूजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिच्या अधारतालच्या घरी आलेले होते, त्यांनाही आणायला सांगितलं. "सरप्राइज है," मी म्हणाले. त्यांना पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी बसवलं. पडदा उघडण्याआधी माईक हातात घेऊन मी हिंदीत जाहीरही केलं की यंदाचं एक गाणं या मातीतल्या आदिवासी परंपरेला आमची मानवंदना आहे. टाळ्या पडल्या.

बँकेच्या साहेबांनी कवटी लावलेली काठी आपटत गाणं सुरू केलं. उच्चार मी महिनाभर घोटून घेतले होते. लहान मुलं किंचाळली, मोठी माणसं खदखदली. मी विंगेतून बाबूजींचा आनंद पाहायला डोकावले.

ते उभे राहिले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी वाकून चपला काढल्या, खुर्चीखाली सारल्या, आणि हात जोडून उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "बैठो भैया, दिखता नहीं!" ते बसले नाहीत. स्टेजवर राजपुत्रानं पुठ्ठ्याची तलवार राक्षसाच्या पोटात खुपसली, राक्षस गाता गाता पडला, त्याचे पाय हवेत उडाले आणि हॉल हसण्यानं दणाणला. बाबूजी तसेच हात जोडून उभे होते. माझी मैत्रीण त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती विंगेकडे, सरळ माझ्याकडे पाहत होती.

नाटक संपल्यावर मी धावत खाली गेले. बाबूजींनी शांतपणे, एखाद्या कामाचं बोलावं तसं विचारलं, "बेटी, बुला तो लिया. बिठाया कहाँ?"

मला कळलं नाही. मैत्रिणीनं समजावलं, तेही माझ्याकडे न बघता. हे गाणं म्हटलं की देव येतो. मग त्याला बसायला जागा द्यावी लागते, तांदूळ द्यावे लागतात, मोहाच्या दारूची धार द्यावी लागते आणि मग निरोप द्यावा लागतो. तोवर कुणी बसत नाही. "आपने बुलाया और मार दिया," ती म्हणाली.

चार पावलांवर आमचे गणपती बसले होते. प्राणप्रतिष्ठा केलेल्या मूर्तीला उत्तरपूजेआधी हलवू नये म्हणून अध्यक्षांनी त्याच सकाळी मांडववाल्याशी भांडण केलं होतं. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, दहा मिनिटं स्टेज पाहिजे, थोडे तांदूळ पाहिजेत, आणि मोहाची मिळाली तर.

"दारू? मंडपात? काय बोलून राहिल्या, ताई!" ते म्हणाले. "आणि आपल्या उत्सवात दुसऱ्याचा देव कशाला पाहिजे?"

"आपणच बोलावलाय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटायला दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

स्टेज मिळालं, मोहाची मिळाली नाही. बाबूजी म्हणाले, पानी चलेगा, समझ जाएँगे. पूजेच्या डब्यातले तांदूळ मी आणले. पुठ्ठ्याची झाडं बाजूला करून त्यांनी स्टेजवर तांदूळ मांडले, पाण्याची धार सोडली आणि उभ्यानंच हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं. दहा मिनिटांनी खाली उतरून त्यांनी चपला घातल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांचे पाय धरून रडले आणि त्यांनी मला माफ केलं, हे मला त्या हातावरूनच कळलं.

आम्ही दारापर्यंत आलो तेवढ्यात बाहेरच्या घोळक्यात तेच गाणं पुन्हा सुरू झालं. कुणीतरी फोनवर व्हिडिओ घेतला होता. तो मंडळाच्या ग्रुपवर पडला होता, आणि हसऱ्या चेहऱ्यांसह पुढे नागपूरला, पुण्याला, कुणाच्या तरी अमेरिकेतल्या सुनेला गेलाही होता. बाबूजी थबकले. मुलीला गोंडीत काहीतरी म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाले?

"पूछ रहे हैं, इसको कौन बंद करेगा."

मी ग्रुपवर हात जोडून लिहिलं की तो व्हिडिओ कृपया सगळ्यांनी काढून टाकावा. अध्यक्षांनी अंगठा पाठवला. बँकेच्या साहेबांनी लिहिलं, इतका चांगला रिस्पॉन्स आहे, काहून काढता? मग कुणीतरी परदेशी कंपनीला पाठवायचं दुसरं, जास्त कडक निवेदन मला लिहायला सांगितलं. मी ग्रुप सोडला. ग्रुप सोडल्यानं व्हिडिओ थांबत नाही, हे मला नंतर सुचलं.

सोमवारी ऑफिसात मी डबा घेऊन तिच्या टेबलाशी गेले. तिनं खुर्ची सरकवून जागा दिली. मला वाटलं, झालं. भरलं वांगं मी तिच्याकडे सरकवणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "बाबूजी पूछ रहे थे. बंद हुआ?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाबूजी गावी परतले की कोण बघायला जातंय? पण वीस वर्षांत तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. नहीं हुआ, मी म्हणाले. ती "अच्छा" म्हणाली आणि तिनं आपला डबा स्वतःपुढे उघडला.

आता ती रोज एकदा विचारते आणि मी रोज खरं तेच सांगते. मग एकाच टेबलाशी बसून आम्ही आपापल्या डब्यातलं जेवतो.