पहिली इनिंग संपू दे

"थांबा, पहिली इनिंग संपू दे," असं म्हणत माझे शेजारी डावा तळहात वर करायचे, आणि शारजातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी तशीच उभी राहायची. एसी सुरू, शेजारी मी, आणि त्यांच्या उजव्या हातात फोन.

दुबईत रास अल खोरच्या एकाच कंपनीत ते अकाउंट्सला, मी पर्चेसला. रोज त्यांच्याच गाडीने जायचो. इथे उजाडतं तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेला संध्याकाळचे बेसबॉलचे सामने सुरू होतात, हे भौगोलिक ज्ञान मला त्यांच्याकडून मिळालं. त्या सामन्यांवर फोनमध्ये एक बाजार भरायचा. पहिल्या इनिंगमध्ये रन होणार का? 'होय' किंवा 'नाही' विकत घ्यायचं; खरं ठरलं तर पैसे वाढणार, नाहीतर बुडणार. हे कायम 'नाही' घ्यायचे.

"हा जुगारच की," असं मी एकदाच म्हणालो.

"छे! दिवाळीतसुद्धा मी पत्त्यांना हात लावत नाही. हे मार्केट आहे. मी पोझिशन घेतो."

लॉटरीचं तिकीट काढणाऱ्या ऑफिसबॉयला त्यांनी त्याच आठवड्यात चांगलं फैलावर घेतलं होतं. शिवाय गाडी चालवताना फोन हातात धरणं बेकायदा, म्हणून इनिंग संपेपर्यंत गाडी हलवायची नाही. कायदा पाळावा तर असा!

बेसबॉलचा सामना त्यांनी कधी धड पाहिला नव्हता. पण क्रिकेट कळणाऱ्या माणसाला दुसरा खेळ शिकायची गरज नसते, असं मानणारे तुम्हीही पाहिले असतील. "नवा बॉल आहे हो, ओपनर जपूनच खेळणार," एवढाच त्यांचा अभ्यास.

बारावीतली त्यांची मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, दे कीप चेंजिंग द बॉल. ऑल थ्रू द गेम."

ते खूश झाले. "म्हणजे कायम नवाच! मग तर रन होणंच शक्य नाही."

जिंकले की तो अभ्यास असायचा, हरले की चेंडू टाकणारा पिचर नालायक.

मग तिची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा आली. केंद्र दुबईत ऊद मेथाजवळ, आणि वेळ भारताच्या घड्याळाची, म्हणून इथे सकाळी सातलाच गेट बंद होणार होतं. शारजाचा ट्रॅफिक मी सांगायला नको. मी नेहमीसारखा शेजारी, मागच्या सीटवर ती हॉल तिकीट घेऊन बसली, आणि तळहात वर गेला.

"फक्त पहिली इनिंग. दहा मिनिटं, खलास."

इनिंग काही संपेना. एक आउट बाकी, तिन्ही बेसवर माणसं, आणि बॅटर चेंडू नुसते रेषेबाहेर फाउल टोलवतोय, त्यात रनही नाही आणि आउटही नाही. "हा आउटही होत नाही आणि रनही काढत नाही!" ते कळवळून म्हणाले. षटकं ठरलेली नसलेला खेळ त्यांच्या हिशोबातच नव्हता.

"बाबा, सेल इट," ती म्हणाली.

"आत्ता विकलं तर लॉस बुक होईल गं."

"देन बुक द लॉस. प्लीज."

"एकच बॉल, बेटा."

ती दार उघडून उतरली. "काका, विल यू कम विथ मी?" मला संताप आला होता. आम्ही धावत जाऊन टॅक्सी पकडली. ती आत गेली आणि तिच्यामागे गेट बंद झालं.

थोड्या वेळाने हे धापा टाकत आले. "झिरो! सांगा तिला, रन झालाच नाही." मग बंद गेट पाहिलं आणि फोन खिशात घातला. परीक्षा सुटेपर्यंत ते तिथेच उन्हात उभे राहिले. फोन पुन्हा खिशातून काढला नाही. तेव्हा मात्र मला त्यांची फार दया आली.

तो बाजार त्यांनी फोनवरून कायमचा काढून टाकला. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये ती निघाली, आई पोचवायला बरोबर जाणार होती. विमानतळावर सोडायचं म्हणून आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुऊन घेतली, आणि निघायच्या कितीतरी आधी डिकी उघडून खाली उभे राहिले.

दोघी बॅगा घेऊन आल्या. "इट्स फाइन, बाबा," मुलगी हसून, अगदी प्रेमाने म्हणाली. "आय हॅव बुक्ड अ कॅब."

टॅक्सी वळून दिसेनाशी झाली, तरी ते उघड्या डिकीपाशीच उभे होते.