माप घेताना गाडीत माणूस पाहिजे

आमच्या व्हॅनचा हँडब्रेक कधीपासून मेलेला होता, ते घरात कुणालाच आठवत नाही. तीस वर्षं ती गाडी गडमुडशिंगीहून कोल्हापुरात दूध आणायची आणि ती चालवणारे आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हँडब्रेक म्हणजे शहरी लोकांचे नखरे समजत. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाखाली दगड लावायचा, विषय संपला. दगडाला केबल लागत नाही, असं वर ऐकवायचे.

मग आबांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती आधीपासूनच दोन माणसांची होती. मी हायस्कुलात गणित शिकवते. गाडी चालवायला मला आबांनीच शिकवलं, पण गाडीच्या पोटातलं काही कळत नाही. तरी त्यांना खुर्चीसकट बाहेर नेता यावं म्हणून मी त्या म्हाताऱ्या व्हॅनची हौसेनं मोडतोड करून घेतली. चालकाशेजारची सीट काढून तिथं चाकाची खुर्ची अडकवायला कड्या बसवल्या, मागच्या दाराला चढ-उतारासाठी लोखंडी फळी लावली, गंजलेला मागचा ॲक्सल काढून दुसऱ्या गाडीचा घातला. हँडब्रेक तेवढा राहिला. दगड होताच की.

पहिल्याच आठवड्यात गल्लीच्या उतारावर, आबांची खुर्ची फळीवर असताना, दगड सरकला. गाडी वीतभर पुढं गेली. खुर्ची कलली, मी आणि शेजाऱ्यांनी ती धरली, कुणाला खरचटलंही नाही. पण मी आबांचा चेहरा बघितला होता. जन्मभर गाडी हाकलेला माणूस गाडीला घाबरला होता. घरात आल्यावर म्हणाले, "इकून टाक ती गाडी. मी सोप्यावरच बरा."

आणि खरंच सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर बसले, पाच महिने. डॉक्टरांनाच घरी बोलवावं लागे. मी चिडले, लाडीगोडी लावली, दोन दिवस अबोला धरून पाहिला. आबा ढिम्म. दगड मीच लावला होता, त्यामुळं सगळा राग फिरून माझ्यावरच यायचा. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत मनाशी ठरवलं, की हँडब्रेक बसवायचा, आणि तरीही ते चढले नाहीत तर मुकाट्यानं गाडी विकायची.

ॲक्सल दुसऱ्या गाडीचा असल्यामुळं तयार केबल कुठलीच बसेना. उद्यमनगरातल्या एका दुकानात माप दिलं की केबल करून मिळते, असं कळलं. ओळखीचे एक मिस्त्री रविवारी घरी आले. आम्ही दारातच गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली पडून हँडब्रेकच्या लिव्हरपासून एकेका चाकापर्यंत सुतळी ताणून गाठी मारल्या. आबा सोप्यावरून बघत होते.

मंगळवारी केबल बसल्या. लिव्हर ओढली की अधांतरी चाक हातानं हलेना. मी चक्क टाळ्या वाजवल्या. मग जॅक काढला, चाकं भुईला टेकली आणि लिव्हर अशी सैल पडली की ओढावी तेवढी वर येतेय. मिस्त्रींनी नट पिळून पिळून आटे संपवले, तरी ब्रेक काही धरेना.

सोप्यावरून आवाज आला. "चाकं हवेत धरून माप घेतलंसा. भुईवर आली की खालचं स्प्रिंगचं पाटं दबत्यात आन् माप आखडतंय. शिंप्याकडं काय उलटं टांगून माप देत्यात व्हय?"

"मग रविवारीच का नाही सांगितलंत?"

"तू कुटं इचारलंस? गणिताची बाई तू."

मुलांचं साधं एकक चुकलं तरी मी गुण कापते, त्यामुळं हे मला चांगलंच झोंबलं. पण त्याहून जास्त बरं वाटलं. पाच महिन्यांत आबा गाडीबद्दल पहिल्यांदाच बोलले होते.

गाडी चाकांवर उभी ठेवूनच मिस्त्री खाली सरकले आणि त्यांनी नव्या सुतळीला गाठ मारली. "झालं, ताई," म्हणून बाहेर येतायत तोवर आबा म्हणाले, "रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं? आत वजन पायजे."

मिस्त्री भला माणूस. "पेंडीचं पोतं ठेवतो की, आबा. तेवढंच वजन."

आबांनी एकदा गाडीकडं, एकदा आपल्या खुर्चीकडं पाहिलं. मग म्हणाले, "ब्रेक पोत्यासाठी बशिवतायसा व्हय?"

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"बघताय काय? मला चढवा."

दारातली जागा सपाट होती, तरी फळीवरून खुर्ची मी इंचाइंचानं ढकलली. आबांनी डोळे मिटून घेतले होते. उजव्या हातानं खुर्चीचा दांडा असा धरलेला, की मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या. कड्या अडकवल्यावर मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर म्हणाले, "तू खाली जा. सुतळी ढिली सोडू नगंस."

मी मिस्त्रींबरोबर गाडीखाली शिरले. सुतळी ताणली आणि बघते तर नवं माप नेमकं आधीच्या गाठीवरच येत होतं. दोराभरही फरक नव्हता. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी खालूनच ओरडून सांगितलं, "आबा, बोटभर फरक पडला."

"पडणारच," वरून उत्तर आलं. "म्हनं पोतं ठेवतो."

गणिताच्या बाईनं आयुष्यात एकदाच खोटं माप सांगितलं, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

नव्या केबल गुरुवारी बसल्या. संध्याकाळी गाडी गल्लीच्या त्याच उतारावर नेली. आबा माझ्या शेजारी होते. चढवताना या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. गाडी थांबवून मी लिव्हरकडं हात नेला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि स्वतःच्या उजव्या हातानं लिव्हर ओढली. कट, कट, कट.

"पाय काढ," म्हणाले.

मी ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. मला रडू फुटत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. आबांचा हात अजून लिव्हरवरच होता.

"ह्यो काय उतार हाय व्हय?" थोड्या वेळानं ते म्हणाले. "पन्हाळ्याच्या घाटात चल."